लेप, लोणी आणि गुन्वोरबाईंचा साचा

मी लावलेला लेप कुणाच्या बापाला काढता यायचा नाही, असं मी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आमच्या कारखान्यात वर्षभर छातीठोकपणे सांगत होतो. त्या शुक्रवारी ते दाखवायचं होतं. फेरीबोटींचे मालक ऑस्ब्योर्न येणार होते. त्यांच्या कार्बन फायबरच्या बोटी वजनाला हलक्या. पण बोट ढकलणाऱ्या पंख्यामागे पाण्यात उठणारे बुडबुडे फुटताना सुकाणूला असे हाणतात, की त्याची चाळणच! त्यावर उपाय म्हणजे माझा रबरी लेप. ऑर्डर मिळाली तर माझी नोकरी पक्की, नाहीतर घरी बसायचं.

आणि सकाळीच लेप भाजायची भट्टी बंद पडली!

आता? गरम करायचं आणि दाबायचं, एवढंच तर हवं होतं. शुक्रवारी आमच्याकडे वॅफल होतात, साच्यात भाजलेली जाळीदार गोड धिरडीच म्हणा ना. आमच्या साहेबीण गुन्वोरबाईंचा विजेचा साचा टेबलावर तयारच होता, त्यांच्या आईच्या लग्नातला. मी सुकाणूचा नमुना म्हणून घेतलेल्या कार्बनच्या पट्टीला लेप लावला, ती साच्यात ठेवली आणि झाकण दाबलं. मग ते उघडेचना!

तेवढ्यात बाई पिठाचं भांडं घेऊन आल्या. "कसला वास हा?"

"सं... संशोधनाचा!"

"माझ्या साच्यात? मेल्या, उघड आधी!"

"चिकटलाय जरासा."

"जरासा? झाकण ओढलं तर अख्खा साचा वर येतोय!"

आम्ही दोन्हीकडून ओढत असतानाच ऑस्ब्योर्न दारात. "वॅफल करपलं वाटतं?"

"नाही, तुमचं सुकाणू!" मी बोलून गेलो.

त्यांनी स्वतः जोर लावून पाहिला. मग छिन्नी मागवली. छिन्नी वाकली! म्हातारा खूश. "वा! मला हेच हवं होतं!"

"आमचा माल असाच असतो," बाई लगेच गोड हसल्या. मी मनातल्या मनात नवीन घर घेतलं.

"आता आत बघू," म्हणत ऑस्ब्योर्ननी पहार घातली. कडाड्! साचा उघडला आणि पट्टी टेबलावर पडली. काळी, चकचकीत, नुकती धुतल्यासारखी. सगळा लेप साच्यात बसला होता. साच्याला लावायचं लोणी मी घाईघाईत पट्टीलाच फासलं होतं!

ऑस्ब्योर्ननी टोपी घातली. "वॅफलच्या साच्यांची बोट बांधलीत, की फोन करा."

मी खाली मान घालून सामान आवरायला लागलो.

"कुठे निघालास?" बाई कडाडल्या. "तो साचा स्वच्छ होईपर्यंत तुला सोडणार नाही मी!"

म्हणजे नोकरी जन्माची पक्की झाली की हो!