शिट्टी कुणाच्या कानात?

मिस्त्रींना मशीन उघडून बघावं लागत नसे. शिवणकामाच्या त्या कारखान्यात चाळीस मशीनं होती, आणि कुठल्या मशीनचं काय दुखतंय हे मिस्त्री दारातूनच सांगत. सात नंबरचं शटल घासतंय, एकोणीसचा पट्टा सैल झालाय. उघडल्यावर तसंच निघे. "माझा कान शाबूत आहे तोवर इथे काही बिघडत नाही," असं ते रोज एकदा तरी म्हणत. न म्हटलं तर त्यांना जेवण पचत नसावं.

वर्षापूर्वी नेमक्या त्याच कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, चीं करणारी, क्षणभर न थांबणारी. मिस्त्रींनी अर्थातच बारा नंबर खोललं. मग तेरा. मग संतापाच्या भरात आठवडाभरात नऊ धडधाकट मशीनं खोलली. कुणालाही विचारलं तरी सगळे कानावर हात ठेवत, वर 'ती तुमच्याच कानात आहे, डॉक्टर बघा' म्हणत, आणि मिस्त्री आणखी भडकत. शेवटी मालकांनी बजावलं, की यापुढे विनाकारण एकही मशीन बंद पडलं तर पान्हे खाली ठेवायचे आणि खोकी बांधायला बसायचं. तीस वर्षं पान्हा धरलेल्या हातांनी खोकी बांधायची, या कल्पनेनेच मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी बायकोही टेकीला आली होती. हे येऊन तिच्या मिक्सरला कान लावून बसत, आणि मिक्सर बंद असे. तिने त्यांना ओढतच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासून सांगितलं, की शिट्टी कुठल्याच मशीनमध्ये नाही. इतक्या वर्षांच्या खडखडाटाने बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत, आणि ती रिकामी जागा मेंदू स्वतःच्या आवाजाने भरतोय. श्रवणयंत्र लावलं की बाहेरचे आवाज आत येतील आणि शिट्टी मागे सरेल. साफ जाईलच असं नाही, पण सुसह्य होईल.

"म्हणजे मी बहिरा?" मिस्त्रींनी विचारलं.

"थोडेसे," बाई म्हणाल्या.

पण यंत्र लावलं आणि दोन दिवसांत शिट्टी खरोखर मागे सरली. मिस्त्रींना रडूच आलं, मग रडू आल्याचा राग आला. खटकत होतं ते एकच. कानात बसणारं मऊ रबरी बोंड फार घट्ट होतं. ते घट्टच बसलं पाहिजे, असं बाईंनी सांगितलं होतं. पण बाईंनी आयुष्यात कधी मशीन खोललंय का? घट्ट बसवलेला भाग तापतो आणि जळतो. दोन भागांत जरा फट हवी, तिला कारखान्यात 'प्ले' म्हणतात. मिस्त्रींनी ब्लेड घेतलं आणि बोंडाला बेताचा प्ले दिला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि पाच नंबरपाशी कान नेऊन वाकले. तिथली बाई दचकली. "मिस्त्री, शिट्टी वाजतेय." मिस्त्रींना काहीच ऐकू येईना. सहा नंबरवालीही तेच म्हणाली. मग सात. वर्षभर ज्यांनी आपल्याला खोटं ठरवलं त्याच बायका आज संगनमताने चेष्टा करतायत, अशी मिस्त्रींची खात्री पटली.

गडबड ऐकून मालक आले. त्यांनाही शिट्टी ऐकू आली. मिस्त्री ओरडले, "बंद करा सगळी मशीनं!" चाळीस मशीनं थांबली. बायका हात बांधून बसल्या.

"अजून वाजतेय," मालक म्हणाले.

"मशीन एकही चालू नाही, आणि तुम्हाला शिट्टी ऐकू येते. म्हणजे ती तुमच्या कानात आहे. डॉक्टर बघा." हे वाक्य मिस्त्रींनी वर्षभर सोसलं होतं, त्यामुळे ते त्यांनी पुरेपूर चवीने परत केलं. मालक खरंच घाबरले आणि करंगळी कानात घालून हलवू लागले.

बारा नंबरवर बसणारी मावशी कारखान्यात सगळ्यांत जुनी. ती उठली, मिस्त्रींच्या जवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. मग तिने मिस्त्रींच्या कानातून यंत्र उपटलं आणि मुठीत धरलं. मुठीतून किंचाळीच निघाली. कापलेल्या बोंडाच्या फटीतून यंत्राचा आवाज बाहेर पडून पुन्हा यंत्रातच शिरत होता. तो इतका बारीक होता, की मिस्त्रींचे कान सोडून सगळ्यांच्या कानांना तो कळत होता.

"दहा मिनिटांत डोकं उठलं माझं," मावशी म्हणाली.

"मी वर्षभर ऐकतोय," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नव्हता. बायका खाली कापडाकडे बघायला लागल्या.

"वर्षभर? मग वेडा कसा नाही झालास रे?"

"नाही झाला असं कोण म्हणतं?" मालक करंगळी तशीच ठेवून म्हणाले. पण त्यांनी खोक्यांचं नाव काढलं नाही. पान्हे तेवढे काढून घेतले, आणि नवीन बोंड बसवून या म्हणाले.

दोन दिवसांनी मिस्त्री नीट बसवलेलं यंत्र लावून आले. मालकांनी पान्हे परत केले, एका अटीवर. कारखान्यातलं कुठलंही मशीन खुशाल खोला, कानातल्याला हात लावायचा नाही. मिस्त्री भडकणारच होते. पण मालक हे पुटपुटत म्हणाले होते, आणि मिस्त्रींना ते शब्दन्‌शब्द ऐकू आलं होतं, त्यामुळे ऐकलं नाही म्हणायची सोयच उरली नाही.