सावे यांचा धुवायचा राहिलेला कोळसा

समुद्र दहा मिनिटांवर असला की माणसाला तो दिवाणखान्यात हवासा वाटू लागतो. डहाणूच्या एकनाथ सावे यांनी २०१७ साली तो आणला: चार फुटी काचेची टाकी, वर प्रखर दिवा, खारे पाणी, दोन मासे आणि मुंबईहून आणलेले बारा मऊ प्रवाळ. सावे सरकारी कचेरीत अव्वल कारकून. सूचना लिहिण्याचा बावीस वर्षांचा अनुभव. (वाचण्याचा नव्हता.)

वर्षभरात पाणी पिवळट झाले. प्रवाळ मात्र मजेत होते. सावे यांच्या पत्नी वसुमतीबाई शिक्षिका. त्या रोज हजेरी घेतल्यासारखे प्रवाळ मोजत. पण रविवारी साहेब चहाला येणार, म्हणून सावे यांनी पाणी निवळणारा कोळसा आणला. पाकिटावर लिहिले होते: नीट धुऊन घ्यावा, थोड्यापासून सुरुवात करावी, महिन्याने बदलावा.

"कोळसा कुणी धुतं का?" म्हणत त्यांनी अख्खे पाकीट रिकामे केले.

काळ्या झालेल्या पाण्यात तीन तास मासे दिसेनात. शनिवारी मात्र पाणी इतके नितळ झाले, की टाकी रिकामी आहे असे वाटावे. कोणतेही प्रकरण इतक्या झटपट निकाली निघालेले सावे यांनी पाहिले नव्हते. प्रवाळ मात्र आक्रसून फिके पडले.

शेजारच्या धाकटी डहाणू गावची मासेवाली हिरू मासे द्यायला आली होती. तिने दारातूनच टाकीकडे पाहिले. "बाय, यांना ऊन लागलाय."

"पाण्यात ऊन कसं लागेल?" सावे म्हणाले.

"काल पाणी पिवळा होता, आज एकदम उघडा. दिवा कमी करा."

वसुमतीबाईंनी दिवा निम्मा केला, कोळसा काढला, तीन बादल्या पाण्यात धुतला आणि त्यातला मूठभर पिशवीत बांधून परत ठेवला.

रविवारी साहेब आले. "टाकीत अंधार का?"

"तब्येत बरी नाही," वसुमतीबाई म्हणाल्या.

"कुणाची?"

"तिकडे बाराजणांची."

साहेबांनी चहा उभ्यानेच घेतला.

नऊ प्रवाळ पुन्हा फुलले, तीन गेले. त्या तिघांसाठी वसुमतीबाई खरेच रडल्या. सावे यांनी टाकीवर सही-शिक्क्यानिशी परिपत्रक चिकटवले: कोळसा धुतल्याखेरीज टाकू नये.

वाचक महोदय, आपण हसलात, याची नोंद घेतली आहे. आता कृपया स्वयंपाकघरात जावे. ओट्यावरच्या पाण्याच्या फिल्टरमध्येही बहुधा हाच कोळसा असतो. तो आपण शेवटचा कधी बदललात? (साल आठवले तरी चालेल.)