शिर्केबाईंची बारमाही बाग

शिर्केबाई नर्सरीतून झाड आणतात आणि त्याला पंधरा दिवस पाणी देत नाहीत. एक थेंबही नाही. भर मे महिन्यात, बडोद्याच्या उन्हात, कुंडी मागच्या अंगणात पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवायची आणि तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. पंधरा दिवसांनी झाड हिरवं असेल तर पास! मग पुढच्या बागेत त्याला मानाने खड्डा खणून मिळतो. मान टाकली तर कुंडीसकट परत नर्सरीत.

"बेन, आ छोड छे, कमांडो नथी!" नर्सरीवाले जशुभाई रोपाची कड घेत कळवळून सांगतात.

"कमांडो असेल तरच द्या," बाई म्हणतात. "आपल्याला नखरा ना जोईए."

'नखरा ना जोईए', म्हणजे नखरे नकोत, हा बाईंचा मंत्र. बत्तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. घरात मराठी, मैदानात गुजराती, त्यामुळे हुकूम सोडायचा झाला की आपोआप गुजराती सुरू होतं. उंच, काटक, साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. लग्न केलं नाही. गोरव्याच्या आमच्या सोसायटीत आमच्या बैठ्या घराला लागून त्यांचं बैठं घर आहे, आणि मध्ये छातीएवढी भिंत.

आम्ही राहायला आलो त्या थंडीत मी हौसेने पिटुनिया आणि डेलिया लावत होतो. भिंतीवर एक डोकं उगवलं.

"नाव?"

"चिटणीस," मी उभा राहून म्हणालो. का कोण जाणे, टाचा जुळवल्या होत्या.

"तुमचं नाही, यांचं." मी नावं सांगितली. "किती दिवसांचे पाहुणे?"

"मार्चपर्यंत फुलतील."

"मग खड्डे कशाला खणताय? सतरंजी टाका त्यांना." मग जरा समजुतीच्या सुरात, "तुमचे पणजोबा दरबारच्या कचेरीत असणार. आमचे फौजेत होते. त्यामुळे हा फरक पडतो."

मार्चमध्ये माझे पाहुणे वारले. बाई सांत्वनाला आल्या नाहीत. भिंतीवरून चाफ्याची एक बोडकी फांदी तेवढी पुढे केली. "ही खोचा. आणि विसरून जा."

"पाणी?"

"विसरून जा म्हटलं ना!"

मी फांदी खोचली आणि, खरं सांगतो, विसरलो. पावसाळ्यात तिला तळहाताएवढी पानं फुटली होती. मी धावत भिंतीशी गेलो, तर बाई म्हणाल्या, "अभिनंदन कसलं करता? तुम्ही काय केलंत?"

बाईंच्या बागेत सगळी अशीच मंडळी. कण्हेर, बोगनवेल, अडुळसा, कोरफड, आणि फरशीच्या फटीतून आपणहून आलेली सदाफुली. सदाफुलीला गुजरातीत बारमासी म्हणतात, या एका गोष्टीसाठी बाईंना गुजराती भाषेबद्दल अपार आदर आहे. "बघा, नावातच सर्टिफिकेट!"

एकदा मला घेऊन त्या नर्सरीत गेल्या. जशुभाईंनी जास्वंदीचं रोप पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला. वय काय? किती वर्षं जगेल? कीड लागते का? खत मागतं का? मालक महिनाभर गावाला गेला तर काय करेल? जशुभाईंनी कपाळ पुसलं. "बेन, मारी सगाईमां पण आटली पूछपरछ नहोती थई!"

"म्हणून तर तुमची पाठ दुखते," बाई म्हणाल्या. या दोन गोष्टींचा संबंध जशुभाईंना आजवर लागलेला नाही, मलाही नाही.

सोसायटीच्या सभेत कुणीतरी लॉन लावायची टूम काढली तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. "लॉन म्हणजे काय? रोज आंघोळ घाला, दर आठवड्याला केस कापा, वर पाय ठेवला तर रडणार! पाळायचंच तर मूल पाळा, निदान मोठं झाल्यावर फोन करेल." ठराव बारगळला.

स्वतःलाही बाई याच नियमाने वागवत. केस स्वतः कापायच्या. कुणाकडून वाटीभर साखर कधी मागितली नाही. दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं तर तासाभरात ताट घासून परत, वर चिठ्ठी: 'चकली उत्तम. पुढल्या वर्षी तसदी नको.' माझी बायको मंजिरी म्हणायची, "ही बाई माणूस नाही, निवडुंग आहे." हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं आणि बाई दोन दिवस खुशीत होत्या.

गेल्या वैशाखात एका मंगळवारी संध्याकाळी भिंतीवरून पाहिलं, तर बाई व्हरांड्यात बसलेल्या आणि डावा पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर.

"अहो, हे कधी?"

"शनिवारी. बोगनवेल छाटताना शिडी सरकली."

"शनिवारी! दवाखान्यात कोणी नेलं?"

"रिक्षाने."

"हाक तरी मारायची!"

"हाकेने हाड जुळतं का, चिटणीस?"

मी ओशाळलो. चार दिवस मी भिंतीच्या अलीकडेच होतो. म्हटलं, निदान बागेला पाणी घालतो.

"कोणाला घालताय? बघा जरा." मी बघितलं. चाफा लगडलेला, बोगनवेल पेटलेली, सदाफुली फटीतून हसते आहे. कुणालाही काही नको होतं. मी हात हलवत घरी आलो. मंजिरीने डबा पाठवला, तो घासून परत आला. 'दुधी चांगला. उद्या नको.'

शुक्रवारी मात्र ऑफिसात फोन आला. "येताना जशुभाईंकडून एक कुंडी आणा. मी सांगून ठेवलंय."

जशुभाई माझी वाटच बघत होते. टेबलावर हंसराजची कुंडी होती. काळ्या रेशमी दोऱ्यांसारखे देठ, त्यांवर हिरवी नाजूक पानं. पंख्याच्या वाऱ्याने बिघडेल, ऊन बघून मूर्च्छा येईल, असं ते रोप.

"भाई, बेननी तबियत तो सारी छे ने?" त्यांनी काळजीने विचारलं. "फोन पर शुं कहे, खबर छे? 'जशुभाई, सौथी नखराळो छोड आपो.'"

सगळ्यात नखरेल रोप, तेही बाईंना! मी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो.

बाईंनी हंसराजकडे पाहिलंही नाही. "त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं म्हणे. या पायाने मला वाकता येत नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात. जमेल?"

"जमेल."

"जबरदस्ती नाही."

"जमेल म्हटलं ना, बाई."

दुसऱ्या दिवशी सातला गेलो. पाणी शिंपडायला मिनिटभर लागलं आणि चहाला पाऊण तास. बाईंनी कुबडीवर उभं राहून तो केला होता, आलं घालून. मी वाघोडियाच्या ऑफिसातल्या कुरबुरी सांगितल्या, त्यांनी माझ्या साहेबाला अंगठे धरून उभं करायची शिक्षा सुनावली. रविवारपासून मंजिरीही येऊ लागली. बाईंची भाची सुरतेला असते आणि ती फारशी फोन करत नाही, हे आम्हाला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

हंसराजने मात्र आपला स्वभाव सोडला नाही. आम्ही त्याला माठाजवळ ठेवलं, ओलं फडकं गुंडाळलं. तरी पाचव्या आठवड्यात तो तपकिरी झाला आणि प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी पार वाळून गेला. मी पाण्याची बाटली हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

बाईंनी वाळकी पानं बोटांनी चुरून पाहिली. "गेला," त्या म्हणाल्या. आवाज मैदानातला नव्हता. "पायही बरा झाला. उद्यापासून तुम्हाला सुट्टी, चिटणीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांचं जाळीचं दार ठोठावलं. बाईंनी दार उघडलं. पायात पांढरे बूट होते.

"काय काम काढलंत?"

मी वाटेत दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. ती सगळी दाराशीच सोडून दिली.

"काही नाही. असाच आलो."

"काम नसताना?"

"काम नसताना."

बाई चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या, बराच वेळ. आत गॅसवर आधण उकळत होतं, दोन माणसांचं.