सर डबा विसरतात

काळे सरांच्या मते या जगात कुणीही काहीही विसरत नाही. छत्री एसटीत राहिली, तर ती राहत नाही; आपला 'आतला' ती ठेवून येतो. हा आतला म्हणजे माणसाचं नेणिवेतलं मन. घरचा कारभार आपण बघतो असं आपल्याला वाटतं, पण खरा कारभारी तो, आणि तो आपल्याला काही विचारत नाही. तालुक्याच्या कॉलेजात सरांनी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन ते शिनोलीत आमच्या शेजारी राहायला आले आणि सगळ्या गावालाच वर्गात बसवलं.

एकदा डेअरीवर धोंडूभाऊ सांगत होते, "सर, काल उसातनं बिबट्या आला. माझ्याकडं बघतच ऱ्हायला."

सरांनी डोळे मिटले. "बिबट्या म्हणजे दाबलेला राग. घरात कुणावर चिडलाय?"

"सपनात न्हाई वो सर! खराच व्हता. शेळी नेली की माझी!"

सरांनी डोळे उघडले. "गोठ्याची कडी कुणी उघडी ठेवली?"

धोंडूभाऊंनी दुधाची किटली उचलली आणि घरची वाट धरली. शेळी सासऱ्यांनी दिलेली होती.

माझं तर सरांपुढे काहीच चालत नाही. मी मुळात अपराधी स्वभावाचा. शेजारचं कुत्रं लंगडलं तरी आपलंच काही चुकलं का, असं मला वाटतं. सरांचा फवारणीचा पंप परत द्यायचा राहिला, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या आतल्याला तो आवडलाय, राव." मी तो धुऊन, नवं नोझल बसवून, माफी मागत परत केला. जुनं नोझल मात्र माझ्याकडेच राहिलं. त्याचा अर्थ विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

गंमत अशी, की सर स्वतः आमच्याकडे रोज डबा विसरत. स्टीलचा डबा, झाकणावर त्यांच्या दिवंगत पत्नीचं नाव कोरलेलं: सौ. सुमन काळे. त्यातून ते परसातले पेरू नाहीतर शेंगा आणत, गप्पा मारत आणि मोकळ्या हातानं घरी जात. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. म्हणून बायको त्यात कधी पिठलं, कधी मासवडी भरी आणि मी तो पोचवून येई. दुसऱ्या दिवशी सर डबा घासून, पेरू घालून पुन्हा हजर.

"वय झालं, विसरतो," एवढंच ते स्वतःबद्दल म्हणत.

"यांचा आतला कुठं गेला?" मी एकदा बायकोला विचारलं.

"आपल्याकडं जेवायला," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आली. एकट्या बापाची तिला काळजी वाटायची, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. सरही नाही म्हणाले नाहीत. सामान गाडीत चढलं आणि ती म्हणाली, "बाबा, आईचा डबा दिसत नाही."

डबा आमच्या ओट्यावर होता. "आत्ता आणतो," म्हणून मी वळलो, तर सरांनी माझा दंड धरला.

"राहू द्या."

"अहो सर, वहिनींचा डबा..."

"विसरलोय मी तो," मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले. "शिकवलंय ना तुम्हाला?"

गाडी गेली. बायकोनं डबा घासून फळीवर ठेवला आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्याच रविवारी पुण्याहून भीमाशंकरला जाणाऱ्या एसटीतून सर उतरले. मफलर, हातात पिशवी, चेहऱ्यावर शाळा बुडवल्याचा आनंद.

"डबा विसरला होता," ते म्हणाले.

"ठाऊक हाय," बायको म्हणाली. "हात धुवा आधी. मासवडी केलीय."

दिवसभर त्यांनी धोंडूभाऊंच्या नव्या शेळीचं मन उलगडून सांगितलं. संध्याकाळी भरलेला डबा घेऊन ते परतीच्या एसटीत बसले.

त्यांचा मफलर आमच्या खुंटीवर आहे. एसटी यायच्या आधीच मी तो पाहिला होता. पण सांगायचं विसरलो, आणि का कोण जाणे, काही चुकल्यासारखं वाटलं नाही.