गॉसचा नियम न समजण्याची कला

गॉसचा नियम मी चोरून शिकलो आणि तो कळलाच नाही असं सहा आठवडे बेमालूम दाखवलं! शिंपीकामात असे पराक्रम सहसा घडत नाहीत.

त्याचं असं झालं, मुलगी परगावी शिकायला गेली. रविवारी फोन आला की आईशी तासभर गप्पा. मग माझी पाळी. "बाबा, बरे आहात ना?" "हो. तू?" "हो." संपलं. तिची इतकी आठवण यायची की मशीनवर बसूनही सुई चालत नसे, पण फोनवर ते बोलता येईना.

शेवटी तिची फिजिक्सची जुनी वही काढली, त्यातला गॉसचा नियम वाचला आणि पुढच्या रविवारी म्हणालो, "एक शंका आहे. विजेचा प्रभार बंद पृष्ठभागाच्या बाहेर असला, तर एकूण फ्लक्स शून्य कसा?"

पोरगी जी सुटली! "बाबा, समजा एक उशी आहे. बाहेरच्या प्रभाराच्या रेषा जेवढ्या आत शिरतात, तेवढ्याच बाहेर पडतात, म्हणजे आरपार जाणाऱ्या रेषांची बेरीज, तोच फ्लक्स, शून्य. म्हणून आतला प्रभारच मोजायचा." चाळीस मिनिटं बोलली. उशा मी रोज शिवतो, मला पाचव्या मिनिटालाच कळलं होतं. पण म्हटलं, "नाही गं शिरत डोक्यात."

सहा रविवार मजेत गेले. बायकोने मात्र कपाळाला हात लावला.

सातव्या रविवारी मुलगी म्हणाली, "माझंच शिकवणं चुकतंय. वरच्या मजल्यावरच्या सरांना सांगितलंय, ते रोज येतील." तेवढ्यात बेल वाजली. निवृत्त सर खडू घेऊनच आले होते. फोन स्पीकरवर होता.

"घनाच्या मधोमध प्रभार आहे. एका बाजूतून किती फ्लक्स?" सर म्हणाले. "सावकाश सांगा. तुमचा हात कात्रीवर बसलेला, हे डोक्याचं काम आहे."

झालं, माझं डोकं फिरलं. "सहावा हिस्सा. आणि कोपऱ्यात ठेवलात तर अख्ख्या घनाला आठवा. एका टोकाशी आठ उशा जुळतात, सर!"

"अहो, यांना सगळं येतंय," सर फोनकडे बघून म्हणाले.

पलीकडून मुलीने विचारलं, "बाबा, कधीपासून कळतंय?"

"पहिल्या रविवारपासून."

"मग विचारत का होतात?"

सर बघत होते, बायको बघत होती. त्यांच्यादेखत खरं कारण काही सांगवेना. "आईला देऊ का?" मी म्हणालो.

"नको." मग तीच म्हणाली, "बाबा, शर्टाची कॉलर कशी लावतात हो?"

कॉलर तिला आठवीपासून येते, मीच शिकवली आहे. मी सरांना चहा दिला आणि कापड कसं निवडायचं इथपासून सुरुवात केली.