कावळ्यांना हाक

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत पहाटे पहिला कावळा ओरडतो, तो माणूस असतो, हे नव्या बिऱ्हाडकरूंना समजावून सांगावे लागे. त्या माणसाचे नाव तात्या. तार ऑफिसातून निवृत्त झालेले साठीचे गृहस्थ. ओट्यावर बसून, दोन्ही तळहात तोंडाशी धरून ते असा काही आवाज काढीत, की समोरच्या पिंपळावरचे कावळे खरोखरच खाली उतरत. मग तात्या समाधानाने म्हणत, "तार पोचली."

कोकिळाला ते असे डिवचीत, की तो चढत चढत शेवटी आवाज फाटून उडून जाई. बुलबुलांसाठी ते पेटी वाजवीत. काळी दोन लागली की बुलबुल मान वळवतो, असे त्यांचे ठाम मत होते. मला वाटले, त्याने मान वळवली ती अळीकडे. मी तसे म्हणताच तात्या शांतपणे उत्तरले, "मास्तर, अळीलाही सूर लागतो."

शहरात बोलपट आला, तेव्हा सारे नटीचे गाणे ऐकून आले. तात्या मात्र थिएटरच्या छपरातल्या चिमणीने मध्येच दिलेल्या उत्तराबद्दल आठवडाभर बोलत होते. घरी पाहुणे बसले असताना बाहेर पक्षी ओरडला, तर पाहुण्यांचे वाक्य तसेच ठेवून ते आधी त्याला उत्तर देत. त्यांच्या पत्नी, माई, चहा ठेवता ठेवता म्हणत, "मला पिसं असती, तर माझ्याही हाकेला ओ मिळाली असती." आम्ही हसत असू. तात्याही हसत.

या विद्येची खरी मागणी रामकुंडावर असे. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली, असे सारे समजत. मुलगे हात जोडून एकेक वचन देऊ लागत. वचने अंगावर येऊ लागली की कोणीतरी टांगा घेऊन तात्यांकडे धावे. तात्या येऊन हाक मारीत आणि कावळे उतरत. घाटावरचे एक वृद्ध भटजी यावर चिडून असत. मेलेल्याच्या मनातले कळायच्या आत तुम्ही त्याचे तोंड बंद करता, असे ते तात्यांना ऐकवीत.

गेल्या वर्षी माई गेल्या. मूलबाळ नव्हते, म्हणून दहाव्याला तात्यांबरोबर मीच होतो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले, एकही उतरेना. अखेर त्याच भटजींनी हलकेच म्हटले, "तात्या, मारा हाक. आज मी काही बोलणार नाही."

तात्यांनी मान हलवली. "दुसऱ्यांच्या माणसांना बोलावलं. हिला नाही बोलावणार. यायचं असेल तर ती आपली येईल."

मग ते पिंडाशी बसले आणि चारचौघांत माईंशी बोलू लागले. "तू आतून हाक मारायचीस ना, ती मला ऐकू यायची. दर वेळी यायची." ऊन चढले. भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू लागले, तसा तात्यांनी त्यांचा हात धरला.

ते मला पाहवेना. मी देवळाच्या आडोशाला गेलो. इतकी वर्षे अंथरुणात पडून ऐकलेला आवाज माझ्या गळ्यात उतरला असेल, असे मला कधी वाटले नव्हते. शाळेत संस्कृत शिकवणारा, पन्नाशी उलटलेला मी, उपरणे तोंडाशी धरून कावळ्यासारखा ओरडलो. पहिला आवाज खोकल्यासारखा निघाला. एका गाईने माझ्याकडे पाहिले. दुसरा बरा निघाला, आणि पंखांची फडफड ऐकू आली.

परतलो तेव्हा पिंडाला चोच लागली होती आणि तात्या पायरीवर डोके टेकून रडत होते.

मी दया केली की चोरी, हे मला अजून ठरवता येत नाही. जन्मभर हाका मारणाऱ्या या माणसाने एकदाच, न बोलावता कोणी यावे म्हणून वाट पाहिली, आणि त्याच वेळी मी मध्ये ओरडलो. तात्यांचे पाय धरावेत असे रोज वाटते. पण धरले, तर माई आल्याच नव्हत्या असे होईल.

त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते घरी निघाले. वाटेत म्हणाले, "मास्तर, माझे डोळे मिटलेले होते. कोणत्या दिशेनं आली हो ती?"

मी काहीच पाहिले नव्हते. म्हणालो, "पूर्वेकडून."

तात्या थांबले. "निफाडकडून," ते म्हणाले. "माहेरी जाऊन आली असेल."