ओल्या लाकडाचा ग्लू

लाकूड आधी वाळतं, मग चिकटतं, हा निसर्गनियम आहे. पण निसर्ग कोणत्याही सहकारी संस्थेचा सभासद नाही, त्यामुळे त्याचे नियम संस्थेवर बंधनकारक नाहीत.

मढजवळच्या आमच्या प्लायवूड संस्थेने १९९७ साली लाकडाचे पापुद्रे वाळवायला भट्टी आणली. उत्तम भट्टी! तिला लाल फीत बांधली. उद्घाटनाला पुण्याचे साहेब यायचे होते, आणि फीत कापण्याआधी भट्टी पेटवणं म्हणजे साहेबांचा अपमान. साहेबांची तारीख मिळेना. तीन पावसाळे गेले. (फीत दोनदा नवी आणली. दर्जात तडजोड नाही.)

तोवर ओले पापुद्रे चिकटवायचे कसे? संचालक मंडळाने अभ्यासदौरा काढून ओल्या लाकडालाही धरणारा खास ग्लू आणला. पंचवीस टक्के ओलाव्यापर्यंत धरतो, असं डब्यावर लिहिलं होतं. आमचा ओलावा साठ टक्के, म्हणजे आम्ही डब्याच्याही पुढे. गरम प्रेसमध्ये वाफ कोंडून फळीला फुगे यायचे. ठराव करून त्यांना 'नैसर्गिक नक्षी' असं नाव देण्यात आलं.

मग निरगुडसरच्या शाळेची शंभर बाकं परत आली, फळ्यांचे पदर सुटलेली. ग्लू कालवणारा हौशीराम चेअरमन धर्माजींकडे गेला.

"आण्णा, ग्लूचा दोष न्हाई. लाकूडच वल्लं हाय. भट्टी पेटवू द्या."

"आन् सायबाला काय तोंड दाखवू?"

"बाकावर पोरं बसत्यात. सायेब न्हाई बसत."

दुसऱ्या सकाळी त्याने फितीची गाठ सोडली, नीट घडी घालून कपाटात ठेवली आणि भट्टी पेटवली. नव्या फळीचा तुकडा बहात्तर तास पाण्यात उकळला, तरी पदर सुटला नाही. शंभर बाकं नव्याने गेली. मला हौशीरामचा फार अभिमान वाटला, हे इथे नोंदवतो.

त्याला कामावरून काढण्यासाठी विशेष सभा भरली. सभासद ४१२, ठरावाच्या बाजूने ४०९. (तिघे लग्नाला गेले होते, त्यांनी पाठिंब्याची चिठ्ठी धाडली.) मीही हात वर केला. हौशीराम माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, तुमी बी?"

काय करणार? उद्घाटनाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून आम्हा सगळ्यांची नावं छापून तयार होती.

तुम्हाला हसू येतंय, साहजिक आहे. पत्रिकेत अजून दोन ओळी रिकाम्या आहेत. तुमचं नाव कसं छापायचं, तेवढं कळवा.